नळीच्या पोटातले शिक्के

सत्यवती बंगळूरच्या कँटोन्मेंटात नोकरीला लागली, तेव्हा चामराजपेटेत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मुलगी शाळेत शिकवायला जाते, फार तर एखाद्या बँकेत बसते, इथवर लोकांची मजल गेली होती. पण साहेबांचं जुनं सामान विकणाऱ्या लिलावघरात? साल एकोणीसशे बावन्न. सत्यवती पंचवीस वर्षांची, टायपिंगची वरची परीक्षा पास, आणि एकदा ठरलेलं लग्न मोडलेलं. तिचे वडील कृष्णाजीराव जमाबंदी कचेरीतून निवृत्त झाले होते. त्यांनी शेजाऱ्यांना एकच उत्तर दिलं, "आमचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेमागून सामानाच्या बैलांबरोबर इथं आले. सामानाच्या याद्या करणं आमच्या घरात नवं नाही."

त्या घरात मराठी बोलत, पण बोलण्यापुरतीच. वाण्याची यादी कानडीत, नातेवाइकांची पत्रं कानडीत नाहीतर इंग्रजीत, आणि सत्यवतीची अम्मा, म्हणजे आई अनुसूयाबाई, रोज म्हणायची ती स्तोत्रंही कानडी अक्षरांत छापलेली. सत्यवतीला देवनागरी येत होती ती हिंदीच्या दोन परीक्षा दिल्या म्हणून. थोरला भाऊ रघुपती, तिचा अण्णा, त्याला तीही येत नव्हती.

लिलावघराचं नाव हॉलोवेज. नाव तेवढं इंग्रजी उरलं होतं. मालक गोव्याकडचे पिंटो. साहेब लोक एकेक करून विलायतेला परतत होते आणि त्यांचे बंगले रिकामे होत होते. पियानो, आरामखुर्च्या, सांबराची शिंगं, चिनी मातीची ताटं, सगळं हॉलोवेजच्या दालनात येऊन पडे. शनिवारी लोकांना बघायला खुलं आणि मंगळवारी लिलाव. सत्यवतीनं यादी टाइप करायची. पहिले तीन महिने तिनं तेवढंच केलं.

हत्यारांची पारख भीमाचार्यांकडे होती. हे गृहस्थ लष्कराच्या शस्त्रागारात तीस वर्षं भांडारलेखक होते. कपाळावर अंगारा-अक्षत, दोन्ही कानशिलांवर गोपीचंदनाच्या मुद्रा, अंगात बंद गळ्याचा कोट. कँटोन्मेंटातलं पाणीसुद्धा पीत नसत, तांब्या घरून आणत. पण चकमकीचं जुनं इंग्रजी पिस्तूल हातात आलं, की ते आधी त्याचं वजन तळहातावर तोलत, मग मूठ अंगठ्यानं चाचपत, आणि मग नळी काढून उलटी करत. सगळी पारख त्या नळीच्या पोटात, म्हणजे खालच्या अंगाला, असते, असं ते म्हणायचे.

एके दिवशी दुपारी पिंटो जेवायला गेले असताना त्यांनी सत्यवतीला हाक मारली.

"अक्का, स्वल्प इकडे ये. ही नळी उजेडात धर. खाली काय दिसतं सांग."

सत्यवतीनं खिडकीशी जाऊन नळी फिरवली. काळपट लोखंडावर दोन बारीक ठसे होते.

"मुकुट आहे. त्याखाली व्ही."

"आणि?"

"आणखी एक मुकुट. त्याखाली जी आणि पी, एकमेकांत गुंतलेले."

भीमाचार्य खुर्चीत मागं टेकले. "लंडन," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "मोतीबिंदू पिकलाय, अक्का. पिंटोंना सांगू नकोस."

तिनं सांगितलं नाही. त्या दिवसापासून ती त्यांचे डोळे झाली, आणि ते तिला शिकवत गेले. बाहेरच्या पट्टीवर नाव कोणीही कोरतो, ते म्हणायचे. मेरठचा लोहारही लंडनचं नाव कोरून देईल. पण नळीत दुप्पट दारू ठासून उडवून बघतात, ती फुटली नाही तरच तिच्या पोटात शिक्का बसतो. लंडनचे शिक्के वेगळे, बर्मिंगहॅमचे वेगळे. कंपनी सरकारच्या पिस्तुलावर आधी बदामाच्या आकाराची खूण असे, पुढं सिंह आला. मुठीला चांदी असेल तर चांदीवरच्या अक्षरावरून साल निघतं. पिस्तुलाच्या घोड्याच्या दाढांत गार, म्हणजे चकमकीचा दगड, धरलेली असते. ती पोलादी झाकणावर आपटली की ठिणग्या उडून खालच्या रंजकात, पेटवायच्या बारीक दारूत, पडतात. हे सगळं सांगताना त्यांचा आवाज असा व्हायचा, की पोथी लावून बसलेत असं वाटावं.

सत्यवतीनं एक वही केली. पातळ कागद शिक्क्यावर ठेवून ती त्यावर मऊ पेन्सिल फिरवी, ठसा कागदावर उमटे, मग तो वहीत चिकटवून खाली तारीख आणि पिस्तुलाचं वर्णन लिही. पिस्तुलं येत आणि मंगळवारी जात. ठसे राहत. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी वहीत शंभरावर ठसे झाले होते. ही वही ती घरी कोणाला फारशी दाखवत नसे. एकदा अम्मानं उघडून बघितली आणि विचारलं, "हे कसले गं, रांगोळीचे ठिपके?" सत्यवतीनं सांगायला सुरुवात केली, पण तोवर आमटीला उकळी आली.

चौपन्न साली एक सरदारवजा गृहस्थ पिस्तूल घेऊन आले. श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात आपल्या पणजोबांनी एका इंग्रज कप्तानाच्या कमरेचं ओढून घेतलं, अशी त्याची हकीकत होती, आणि ती त्यांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितली. पिंटो ती यादीत घालायला निघाले होते. सत्यवतीनं नळी काढली, शिक्का बघितला, आणि भीमाचार्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मला काय सांगतेस? त्यांना सांग."

तिनं उभं राहून सांगितलं. हा शिक्का बर्मिंगहॅमचा, आणि नळ्या तपासायची तिथली कचेरीच मुळी अठराशे तेरा साली सुरू झाली. वेढा सतराशे नव्व्याण्णवचा.  त्या गृहस्थांनी पिस्तूल रुमालात गुंडाळलं आणि निघून गेले. सत्यवतीला दोन दिवस वाईट वाटत होतं. पण पिंटोंनी त्यानंतर हत्यारांची वर्णनं तिलाच लिहायला सांगितली.

बसवंत आला तो पंचावन्नच्या उन्हाळ्यात. निपाणीजवळच्या खेड्यातला हा माणूस विमानांच्या कारखान्यात अवजारं करायच्या विभागात फिटर होता, तिशीला आलेला. घेण्याची ऐपत नव्हती. शनिवारी येई, पिस्तुलांच्या टेबलाशी उभा राही, हात पाठीमागं बांधून. तिसऱ्या शनिवारी सत्यवतीनं विचारलं, "काही हवंय का तुम्हांला?"

"नाही की. नुसतं बघायलोय." मग एका पिस्तुलाकडे मान हलवून तो म्हणाला, "ह्याची मोठी स्प्रिंग मोडलीया. मी करून देऊ का?"

पिंटोंनी हो-नाही करत ते पिस्तुलाचं कुलूप, म्हणजे घोडा आणि स्प्रिंग असलेला भाग, त्याच्या हवाली केलं. पुढच्या शनिवारी त्यानं आणलेली स्प्रिंग बसवली. घोडा ओढल्यावर दोन टप्प्यांत असा आवाज झाला, की भीमाचार्य खुर्चीतून उठले. त्यांनी कान जवळ नेऊन तो आवाज तीनदा ऐकला.

"कशी केलीस?"

"घासून आकार दिला, लाल तापवली, तेलात बुडवली. मग परत तेल जाळून पाणी उतरवलं. पहिल्या दोन मोडल्या."

तेव्हापासून मोडकं काही आलं की ते बसवंतकडे जाई. त्याची मराठी सत्यवतीला आधी अर्धी कळायची, आणि तिची त्याला. ती 'जरा'ऐवजी 'स्वल्प' म्हणाली की तो हसे, तो 'करतोय'ऐवजी 'करालोय' म्हणाला की ती. दोघांनाही कानडी सोपी पडली असती, पण ते मराठीतच बोलत. लिलावघरात सगळे तिला अक्का म्हणत; पिंटो, हमाल, भीमाचार्यसुद्धा. बसवंत कधीच म्हणाला नाही. तो सत्यवतीबाई म्हणायचा. हे तिच्या लक्षात यायला वर्ष गेलं, आणि आलं त्या दिवशी तिचं यादीतलं एक पान तीनदा चुकलं.

सत्तावन्नमध्ये रिचमंड टाउनमधल्या मिस लार्किन यांनी एक पिस्तूल पाठवलं. मिस लार्किन शाळेत शिकवून म्हाताऱ्या झालेल्या, विलायतेत कोणी उरलं नव्हतं म्हणून इथंच राहिलेल्या. पिस्तूल वीतभर लांबीचं. अक्रोडाची मूठ, मुठीच्या टोकाला चांदीचा मुखवटा, आणि नळीचा घाट असा की भीमाचार्यांनी बोट फिरवलं आणि बराच वेळ ते उचललंच नाही. पण पट्टीवरचं नाव गेलेलं. कोण्या बटलरनं पन्नास-साठ वर्षं विटेची भुकटी लावून ते घासलं होतं. चांदीवरची अक्षरंही सपाट. नळीच्या पोटात मात्र लंडनचे दोन शिक्के स्वच्छ होते आणि त्यांच्या मधोमध तिसरा, छोटा: तारा, आणि खाली आर आणि डब्ल्यू.

"हा करणाऱ्याचा स्वतःचा," भीमाचार्य म्हणाले. "कोणाचा ते मला माहीत नाही."

मिस लार्किनना विचारलं, तर त्यांनी निरोप पाठवला: नाव कळेपर्यंत विकू नका. अनोळखी असल्यासारखं त्याला कोणाच्या घरी पाठवायचं माझ्या जिवावर येतं.

म्हणून ते पिस्तूल कचेरीच्या कपाटात राहिलं. लिलावघरातून आठवड्याला ढीगभर सामान जायचं, हे एक जात नव्हतं. सत्यवती सकाळी आली की कपाट उघडून एकदा बघायची. शनिवारी गर्दी ओसरल्यावर ती आणि बसवंत ते टेबलावर घेऊन बसत, भीमाचार्य समोर. पिंटोंच्या दोन जुन्या पुस्तकांत त्यांनी आर आणि डब्ल्यूची सगळी नावं शोधली. कधी एखादं जुळतंय असं वाटे, मग साल जुळत नसे. एकदा बसवंत म्हणाला, "हा माणूस डावखुरा असणार. घासायच्या रेघा बघा, उलट्या हातानं गेल्यात." सत्यवतीनं भिंगातून बघितलं. खरंच होतं. त्या दिवसापासून ते दोघं त्या कारागिराबद्दल ओळखीच्या माणसासारखं बोलू लागले. त्याला चांगला उजेड मिळत असेल का? त्याची खिडकी कुठल्या बाजूला असेल?

अठ्ठावन्नच्या पावसाळ्यात कारखान्यानं सहा जणांना अठरा महिन्यांच्या शिक्षणासाठी विलायतेला पाठवायचं ठरवलं. त्यांत बसवंत होता. शेवटच्या शनिवारी सत्यवतीनं त्या तिसऱ्या शिक्क्याचा ठसा नव्यानं घेतला, एकदम स्वच्छ, आणि दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून त्याला दिला.

"तिथं मोठी संग्रहालयं आहेत म्हणतात. सुट्टी मिळाली तर विचारा."

"विचारतो की." त्यानं पुठ्ठा शर्टाच्या आत ठेवला. "आणि तुम्हांला काय आणू?"

"नाव आणा."

त्याचं पत्र आलं ते एकोणसाठच्या फेब्रुवारीत. निळं पातळ हवाई पत्र, आणि आत मराठी, देवनागरीत. सत्यवतीला आयुष्यात मराठीतून आलेलं ते पहिलं पत्र. ती ते कब्बन पार्कात एका बाकावर बसून, अक्षर अक्षर लावत वाचत होती.

बसवंतनं लिहिलं होतं की कॉव्हेन्ट्रीत थंडी फार आहे, बटाटे पुष्कळ मिळतात. बर्मिंगहॅमला त्या नळ्या तपासायच्या कचेरीच्या दाराशी जाऊन आलो. दारावर ढाली-भाल्यांची मोठी कोरीव रास आहे, आत सोडत नाहीत. मग दोन दिवसांची सुट्टी काढून लंडनला गेलो. संग्रहालयात पांढऱ्या मिशांच्या एका गृहस्थांनी आधी उद्या या म्हणून सांगितलं. तुमचा ठसा बघितल्यावर त्यांनी खुर्ची दिली. ठसा कोणी घेतला असं विचारलं, मी नाव सांगितलं. मग त्यांनी एक मोठं रजिस्टर काढलं, आणि नाव मिळालं. रिचर्ड वेदरली. सतराशे अडुसष्टच्या सुमारास मिनरीज नावाच्या रस्त्यावर त्याचं दुकान होतं. मी त्या रस्त्यावर गेलो. लढाईत बॉम्ब पडून ती बाजू गेली आहे. मोकळी जागा आहे, गवत उगवलंय, एका टोकाला मोटारी उभ्या करतात. मी अर्धा तास उभा होतो. उजेड दक्षिणेकडून येतो तिथं.

आणि शेवटी एकच ओळ: तुम्ही इथं असायला पाहिजे होतात.

सत्यवतीनं पत्राची घडी केली, उघडली, परत केली. त्या दिवशी ती कचेरीत उशिरा पोचली. भीमाचार्यांना तिनं नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा उच्चारून बघितलं, हात जोडले. मग विचारलं, "आणखी काय लिहितो?"

"थंडी फार आहे म्हणतो."

"सरी, बरं," भीमाचार्य म्हणाले, आणि तिच्या दिशेनं बघत राहिले. एव्हाना त्यांना आकृतीपलीकडे काही दिसेनासं झालं होतं.

उत्तर लिहायला तिला अकरा दिवस लागले. देवनागरीत तिचा हात बसलेला नव्हता, र्‍हस्व-दीर्घ चुकत, हे एक कारण होतंच. दुसरं कारण कृष्णाजीराव. त्यांना दिवाळीत अर्धांगाचा झटका आला होता, आणि त्यांचं सगळं ती आणि अम्मा मिळून करत होत्या. रघुपती अण्णा रोज संध्याकाळी यायचा आणि आपल्यातल्याच एका बिजवराचं स्थळ सुचवून जायचा. बसवंत आपल्यातला नव्हता. हे घरात कोणी बोललं नव्हतं, कारण बोलण्यासारखं काही आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

तिनं लिहिलं: मलाही यायला आवडलं असतं. वाचलं, आणि कागद फाडला. परत लिहिलं, वेगळ्या शब्दांत. तोही फाडला. अकराव्या दिवशी जे पत्र टपालात पडलं त्यात शिक्क्याची चर्चा होती. रजिस्टरात वेदरलीच्या शिष्यांची नावं आहेत का, मिनरीजचा जुना नकाशा बघायला मिळेल का, पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांना आमचे आभार सांगावेत. खाली: आपली, सत्यवती.

मिस लार्किनना नाव कळवायला ती स्वतः गेली. त्यांनी कागदावर लिहून मागितलं, चष्मा लावून वाचलं. म्हणाल्या, आता त्याला जाऊ दे. पुढच्या महिन्यात मुंबईचा एक पारशी संग्राहक आला आणि ते घेऊन गेला. कपाटाचा तो खण सत्यवतीनं बरेच दिवस रिकामाच ठेवला. पिंटोंनी त्यात एकदा चहाच्या बशा ठेवल्या, तर तिनं त्या उचलून दुसरीकडे ठेवल्या. 

बसवंतची पत्रं नंतर आणखी चार आली. नकाशाची नक्कल आली. त्या पत्रांत पिस्तुलांविषयी असे, कारखान्याविषयी असे, शेवटची तशी ओळ परत नव्हती. अठरा महिने संपले तेव्हा त्यानं लिहिलं की करारातून सुटका करून घेतली आहे, बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात जागा मिळते आहे. साठच्या शेवटी एक कार्ड आलं, त्यात लग्न झाल्याचं होतं. तिथल्याच एका शाळेचं स्वयंपाकघर सांभाळणारी बाई. सत्यवतीनं अभिनंदनाची तार केली. तार इंग्रजीत होती, ते सोपं गेलं.

कृष्णाजीराव बासष्टला गेले, भीमाचार्य त्रेसष्टला. शस्त्रक्रिया करून घ्यायला ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. आता बघण्यासारखं राहिलंय काय, अक्का बघते ना, म्हणायचे. त्यांच्या मागं हत्यारांचं सगळं काम सत्यवतीकडे आलं. उटीहून, म्हैसुराहून, कधी हैदराबादेहून लोक तिच्याकडे पिस्तुलं पाठवत. पत्रावर लिहीत: मिस्टर सत्यवती राव. ती दुरुस्त करत नसे. तिच्या स्वतःच्या मालकीचं एकही पिस्तूल नव्हतं. शेकडो पिस्तुलं तिच्या हातांतून गेली होती, आणि एखाद्या मंगळवारी दालन रिकामं झाल्यावर ती मधेच थांबे आणि तळहात उघडून बघे. ते वेदरलीचं पिस्तूल हातात कसं बसायचं, ते अजून अंगठ्याला आठवत होतं.

सहासष्टच्या डिसेंबरात, एका शनिवारी, पिस्तुलांच्या टेबलाशी एक माणूस हात पाठीमागं बांधून उभा राहिला. जाड कोट हातावर, कानांजवळ केस पिकलेले. आई वारली म्हणून तो निपाणीला आला होता. दिवसकार्य झाल्यावर परत जायच्या आधी तीन दिवस बंगळुरात.

"ह्याची स्प्रिंग कोणी केली?" त्यानं विचारलं.

"शिवाजीनगरचा एक लोहार करतो," सत्यवती म्हणाली. "तुमच्यासारखी होत नाही."

दुपारी ती त्याच्याबरोबर एम. जी. रोडवरच्या एका कॉफीच्या दुकानात गेली. इतक्या वर्षांत ती दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसली होती ती नेहमी कामासाठी. बसवंतनं मुलीचा फोटो दाखवला, पाच वर्षांची, पुढचे दात पडलेली. नाव ग्रेस. निपाणीची आजी पत्रातून तिला गंगव्वाच म्हणायची. सत्यवतीनं फोटो बराच वेळ धरला.

मग तो म्हणाला, "तुमचं ते उत्तर मी कारखान्यात उभ्यानंच वाचलं. सगळं शिक्क्याचंच होतं."

"हो."

"मला वाटलं, मी जास्त लिहिलं."

"जास्त नव्हतं. मी त्याला उत्तर लिहिलं होतं. फाडलं." ती थांबली. "परत लिहिलं, परत फाडलं."

बसवंतनं कप बशीत ठेवला. "मीपण धड विचारलं नव्हतं की," तो म्हणाला. "एक ओळ लिहून बसलो वाट बघत."

काय लिहिलं होतं, हे त्यानं विचारलं नाही, आणि तिला सांगता आलं नाही. पुढं ते पिंटोंच्या गुडघ्यांबद्दल आणि शहर किती वाढलं त्याबद्दल बोलले.

संध्याकाळी घरी अम्मा भाजी निवडत बसली होती. सत्तरी गाठलेली, पण नजर तीच.

"तो फिटर आला होता म्हणे. अण्णानं बघितलं तुम्हांला."

"हो."

"बरा आहे?"

"बरा आहे. मुलगी आहे एक."

अम्मानं पालकाच्या दोन जुड्या निवडल्या. मग म्हणाली, "ते निळं पत्र आलं होतं, तेव्हा तू ते आठ दिवस पोळपाटामागं ठेवलं होतंस. मी रोज उचलायची, पीठ झटकायची, परत ठेवायची. मला काही ती अक्षरं येत नाहीत."

सत्यवती तिच्याजवळ खाली बसली.

"तू विचारलं असतंस तर तुझ्या अप्पांना मी सांगितलं असतं. ते ओरडले असते. चार महिने बोलले नसते. पण मी सांगितलं असतं."

"अम्मा, हे तू आता सांगतेस."

"तेव्हा तू काही म्हणालीच नाहीस. मला वाटलं, तुलाच नको असेल." अम्मानं देठं गोळा केली. "मुलीला नको असलेलं मी कशाला उकरू?"

बसवंतची मद्रासची गाडी सोमवारी दुपारी होती. सत्यवतीनं पिंटोंकडे दोन तासांची रजा मागितली. चौदा वर्षांत तिनं मधूनच रजा मागितल्याचं पिंटोंना आठवत नव्हतं. ते नुसते मान हलवून म्हणाले, जा. कँटोन्मेंट स्टेशनात ती पोचली तेव्हा गाडी लागलेली होती. तिसऱ्या डब्याच्या खिडकीत तो दिसला. तिला बघून तो उठून दाराशी आला, खाली उतरला.

"काही राहिलं का?" त्यानं विचारलं.

"मी लिहिलं होतं, मलाही यायला आवडलं असतं," सत्यवती म्हणाली. "एवढंच होतं. ते पाठवायला पाहिजे होतं."

गार्डाची शिट्टी झाली. बसवंत तिच्याकडे बघत होता. डब्यातलं कोणीतरी त्याला हाक मारत होतं.

"बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला. "मला आता उगीच... बरं झालं."

तो चढला. गाडी हलली तेव्हा त्यानं हात वर केला नाही, दारातल्या दांडीला धरून उभा राहिला, फलाट संपेपर्यंत.

सत्यवती कचेरीत परत गेली नाही. ती कब्बन पार्कातून चालत, जुन्या बाजारपेटेतून चालत, थेट चामराजपेटेपर्यंत आली. घरी पोचेपर्यंत पायांत गोळे आले होते. अम्मानं लवकर का आलीस म्हणून विचारलं नाही. गरम पाणी काढून दिलं, पाय शेकायला.

पुढं ती दोघं भेटली नाहीत. पण पत्रं पुन्हा सुरू झाली, वर्षातून तीन-चार. त्यांत नव्यानं सापडलेल्या शिक्क्यांचं असायचं, तसंच ग्रेसच्या शाळेचं, तिकडच्या धुक्याचं, अम्माच्या खोकल्याचंही असायचं. आणि ग्रेस सात वर्षांची झाली तेव्हा तिच्याच हाताचं एक पत्र आलं, इंग्रजीत, चार ओळींचं: बाबा म्हणतात, बंगळुरात एक बाई आहेत, त्यांना नुसतं बघून पिस्तूल कुठलं ते कळतं. हे खरं आहे का?